सरळ रेषेतले अंतर

२०२४ च्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी पहाटे साडेतीन वाजता माझे वडील, अण्णा, परभणी जिल्ह्यातल्या वालूर येथे, राहत्या घरी वारले. वय नव्वदीला टेकलेले होते. आजार फार लांबला नाही. उजाडेपर्यंत अंगणात माणसे जमली, आणि आलेल्या प्रत्येकाने माझ्या खांद्यावर हात ठेवून थोड्याफार फरकाने एकच प्रश्न विचारला : "धाकट्याला कळवलं का? यायला किती तास लागतील?"

धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात असतो. आमच्याकडे मंगळवारची पहाट होती तेव्हा त्याच्याकडे सोमवारचे दुपारचे दोन वाजले होते आणि तो कचेरीत होता. त्याला कळायला जेमतेम पाच मिनिटे लागली. पुढच्या तासाभरात त्याचे तीन फोन आले आणि प्रत्येक फोनवर आम्ही दोघे अण्णांविषयी न बोलता विमानांविषयी बोललो. मुंबईला थेट येणारे विमान त्या दिवशी नव्हते. सायंकाळच्या विमानात जागा नव्हती. रात्री निघून युरोपात विमान बदलायचे, असे शेवटी ठरले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पानामागे आमच्या घरी दुधाचा हिशेब लिहिला जातो. त्या हिशेबाखाली मी मांडणी केली. तिकीट मिळवून, रजा सांगून घर सोडेपर्यंत पाच तास. विमानतळावर तीन. मधल्या थांब्यासह उड्डाण तेवीस. मुंबईत पारपत्राचा शिक्का आणि सामान, दोन. मुंबई ते वालूर मोटारीने नऊ. एकूण बेचाळीस तास, म्हणजे बुधवारची रात्र साडेनऊ.

सेलूहून शवपेटी आणता आली असती. आता तालुक्याच्या गावी ती मिळते, आणि परगावी मुले असलेल्या घरांत ती आणण्याचा प्रघातही पडू लागला आहे. वडीलधारी मंडळी ओट्यावर बसली होती. कोणी म्हणाले, थांबू. कोणी म्हणाले, दोन दिवस गावाची चूल अडवून ठेवणे बरे नव्हे. निर्णय माझ्या आईने दिला. ती आतल्या खोलीत अण्णांच्या उशाशी बसली होती. तिथूनच ती म्हणाली, "त्यांना थंडी सोसत नाही. बर्फात नका ठेवू." त्यानंतर कोणी काही बोलले नाही. दुपारी चार वाजता माती झाली.

मी छत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. अंतर आणि काळ हे माझ्या पाठाचे विषय होते, आणि त्या विषयांत मला काही गती आहे अशी माझी समजूत होती. त्या दुपारी ती समजूत ढळली. त्यानंतरच्या काळात या बेचाळीस तासांचा मी जो विचार केला, तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. ज्या घरातला एक माणूस समुद्रापलीकडे आहे अशी घरे आता आमच्यासारख्या गावांतही दुर्मीळ राहिलेली नाहीत.

वर्गात एक प्रयोग मी दरवर्षी करीत असे. पृथ्वीगोल टेबलावर ठेवायचा, एका मुलाने दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरायचे, दुसऱ्याने दुसरे टोक न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणायचा. भिंतीवरच्या सपाट नकाशात न्यूयॉर्क मुंबईच्या सरळ पश्चिमेला, अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून असल्यासारखे दिसते. ताणलेला दोरा मात्र तसा जात नाही. तो उत्तरेकडे चढतो, मध्य आशिया आणि रशियावरून उत्तर ध्रुववृत्ताच्या जवळ पोचतो आणि मग कॅनडाच्या बाजूने खाली उतरतो. मुलांना वाटे, गुरुजींनी दोरा चुकीचा धरायला लावला. मग दोरा नकाशातल्या 'सरळ' वाटेने लावून पाहायचा. तो लांब भरतो. गोलावरची सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्ताने जाते आणि सपाट कागदावर ती वाकडी दिसते, एवढे शिकवून मी तास संपवीत असे. या हिशेबाने मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आणि मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे साडेतेरा हजार. दुसरे अंतर न थांबता कापणारे विमान २०२२ च्या डिसेंबरात मुंबईहून सुरू झाले. ते सोळा-सतरा तासांत पोचत असे. आकाशातला वारा अनुकूल असला तर तास-अर्धा तास वाचे, प्रतिकूल असला तर जाई.

वालूर आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. सरळ रेषेत दोहोंमध्ये पावणेचारशे-चारशे किलोमीटरच भरतील. विमान साडेतेरा हजार किलोमीटर तासाला आठशेच्या गतीने कापते, आणि उरलेले हे चारशे किलोमीटर माणूस तासाला बेचाळीस-पंचेचाळीसच्या गतीने कापतो. रेल्वेने यायचे तर सेलू स्थानकापर्यंत रात्र जाते. निजामाच्या अमदानीत, १९०० च्या सुमारास, मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा मीटर गेज लोहमार्ग झाला, तेव्हापासून सेलू बाहेरच्या जगाशी जोडले गेले. रूळ पुढे रुंद झाले. तरीही मुंबईला सायंकाळी गाडीत बसावे आणि सकाळी उतरावे, हा क्रम माझ्या तरुणपणापासून आजतागायत बदललेला नाही. समृद्धी महामार्गाने जालन्यापर्यंतची वाट सुकर केली आहे; जालन्यापासून पुढे आमची जुनीच गती लागते. 'अमुक शहरापासून तमुक शहर इतके तास' असे आपण म्हणतो तेव्हा एका धावपट्टीपासून दुसऱ्या धावपट्टीपर्यंतचा काळ सांगत असतो. धावपट्टीवर कोणाचेच घर नसते.

आमच्या गावात एक बारव आहे. महाराष्ट्रात बारवा पुष्कळ आहेत. परभणी जिल्ह्यात तर गावोगाव आहेत. आमच्या बारवेचे वैशिष्ट्य असे की तिच्या पायऱ्या सरळ उतरत नाहीत, शंखातल्या वळशाप्रमाणे फिरत फिरत खाली जातात. कैक वर्षे ती गाळाने आणि कचऱ्याने भरलेली होती. अलीकडे गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली, आणि आता लांबलांबून अभ्यासक ती पाहायला येतात. काठावर उभे राहिले की पाणी अगदी पायाखाली दिसते. दगड सोडला तर क्षणात पोचतो. माणसाला मात्र वळसे घेतच उतरावे लागते, आणि त्या वळशांत पाणी कधी समोर येते, कधी पाठीमागे जाते. दगडाचे अंतर आणि माणसाचे अंतर निराळे असते, ही गोष्ट आमच्या पूर्वजांनी पाषाणात बांधून ठेवली होती. मी तिच्या काठाने शाळेत गेलो, शाळेतून घरी आलो, आणि कधी तिच्याकडे या दृष्टीने पाहिले नाही.

परंतु अंतर लांब आहे, एवढेच दुःखाचे कारण असते तर ते नवे नव्हते. मागच्या पिढ्यांना याहून कितीतरी लांब वाटा तुडवाव्या लागल्या. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरचे कर्ज फेडण्यासाठी मथुरेच्या यज्ञातली दक्षिणा मिळवायला निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांनी झाशीचा विध्वंस डोळ्यांनी पाहिला, लुटले गेले, आणि अखेर गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन पायी घरी परतले. त्या उदकाने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. हा वृत्तांत १९०७ मध्ये 'माझा प्रवास' म्हणून प्रसिद्ध झाला. आपण परतेपर्यंत आईवडील असतील की नसतील, हे वाटेवरच्या विष्णुभटांना कळण्याचा मार्ग नव्हता, आणि आपला मुलगा जिवंत आहे की नाही हे वरसईच्या त्या घरातही कळत नव्हते. ते न कळणे दारुण होते, यात शंका नाही. परंतु त्या अज्ञानात दोन्ही बाजूंना एक प्रकारची समानता होती.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस लागले, आणि तेव्हा त्यांचे वय अठरा होते. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो. ज्या माणसाच्या हाताखालून परक्यांची पत्रे जात असत, त्याच्या स्वतःच्या पत्राला पत्नीपर्यंत पोचायला आठवड्यांमागून आठवडे लागत. गोपाळरावांचा स्वभाव तापट होता. रागाने लिहिलेले पत्र तिकडे पोचेपर्यंत इकडे राग ओसरलेला असेल, आणि तिकडे वाचणारीला तो ताजा भेटत असेल. पुढे १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या, त्याच वर्षअखेरीस परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांच्या अस्थी मात्र पुन्हा तेच अंतर कापून अमेरिकेत गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, त्यांना मुलीप्रमाणे सांभाळणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आहेत.

या दोन्ही उदाहरणांत पत्र आणि माणूस जवळपास एकाच गतीने चालतात. पत्र जहाजातूनच येई, आणि जहाजातून पत्र येई तितक्याच दिवसांत माणूसही येई. आपल्या धर्मशास्त्राने अशौचाचे नियम लिहिले ते याच जगात. देशांतर म्हणजे काय, याची त्यांनी केलेली एक व्याख्या फार अर्थपूर्ण आहे. मध्ये महानदी असेल, पर्वत आडवा असेल, किंवा भाषा बदलत असेल, तर ते देशांतर समजावे. म्हणजे किती योजने, या प्रश्नाआधी मध्ये काय आहे, हा प्रश्न त्यांनी विचारला. त्याहून महत्त्वाचा नियम दूर असलेल्या पुत्रासंबंधी आहे. मातापित्यांच्या मृत्यूची वार्ता ज्या दिवशी त्याच्या कानी पडेल, त्या दिवसापासून त्याने दहा दिवस धरावेत, असे शास्त्र सांगते. मृत्यू केव्हाही झालेला असो, पुत्राचा शोक ऐकल्या क्षणी सुरू होतो. तो का आला नाही, असे शास्त्र विचारीत नाही. ऐकलेच नव्हते, तर येणार कसा? न कळण्याच्या त्या काळाला शास्त्राने क्षमेचे स्थान दिले होते.

ही क्षमा हळूहळू संपत गेली. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालून टाकलेल्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली, आणि बातमी माणसाच्या पुष्कळ पुढे धावू लागली. खेड्यात ती धाव उशिरा पोचली. माझ्या लहानपणी तारवाला दारात उभा राहिला की बायका आधी रडू लागत, मजकूर मागाहून वाचला जाई. पण तारेलाही एक-दोन दिवस लागत, चुकामूक होई, आणि 'तार उशिरा मिळाली' हे वाक्य गावात ग्राह्य धरले जात असे. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली, तेव्हा तिची खंत करावी असे तिच्यात काही उरलेले नव्हते. पण तिच्याबरोबर ते वाक्यही गेले.

आता बातमीला काळ लागत नाही. शरीराला मात्र लागतो. विमान कितीही वेगवान झाले तरी माणसाचा देह विजेच्या गतीने जाऊ शकत नाही, आणि जाण्याची शक्यताही नाही. कळणे आणि पोचणे यांच्यामध्ये जो प्रदेश उत्पन्न झाला आहे, तो आपल्या काळाचा खास प्रदेश आहे. त्यात राहणाऱ्या माणसासाठी शास्त्रात नियम नाही, रूढीत जागा नाही. माझा भाऊ बेचाळीस तासांहून अधिक काळ त्या प्रदेशात होता. मातीच्या वेळी तो नेमका कुठे होता, हे मी मागाहून पृथ्वीगोल समोर ठेवून काढून पाहिले. निघून साडेचार तास झाले होते. कॅनडाच्या उत्तर भागावर, दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, आमच्या कुळातल्या कोणी कधी पाहिली नाही अशा बर्फाळ भूमीवरून तो जात असावा. त्याच्याकडे रात्रीचे अडीच वाजले होते. फोन बंद होता. मातीची वेळ त्याला ठाऊक होती, कारण मीच ती कळवली होती. त्याने पुढे सांगितले की पुढच्या आसनामागच्या पडद्यावर उरलेले तास आणि मिनिटे सारखी दिसत होती, आणि त्याने तो पडदा बंद केला.

अंतर महिन्यांचे होते तोवर न येणे हे दैव होते. ते तासांचे झाले आणि न येणे हा दोष ठरू लागला. कोणी तसे बोलून दाखवीत नाही. परंतु "किती तास लागतील?" या प्रश्नात एक अपेक्षा दडलेली असते. सतरा तासांत विमान येते, मग माणूस का येत नाही? विचारणाऱ्याला रजा दिसत नाही. व्हिसाचा शिक्का संपत आला असेल तर एकदा बाहेर पडलेल्याला परत जाता येईल की नाही, ही चिंता दिसत नाही. तिकडे शाळेत जाणारी मुले दिसत नाहीत, आणि ऐन वेळच्या तिकिटाची किंमत दिसत नाही. आम्हा वालूरकरांचे सोडा, मुंबई-पुण्याच्या शिकल्यासवरल्या घरांतही हीच गत असते, हे मी आप्तांच्या अनुभवावरून जाणतो. वेगाने आपल्याला सोय दिली हे खरे; तिच्याबरोबर जबाब देण्याचे बंधनही दिले, आणि त्याची पावती कोणी फाडली नाही.

या तासांवर आपण किती भाबडेपणाने विसंबलो होतो, हे २०२० मध्ये कळले. मार्चच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबली आणि नियमित वाहतूक पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडले. मधल्या काळात मोजक्या विशेष विमानांखेरीज वाट नव्हती. साडेतेरा हजार किलोमीटरमध्ये एका किलोमीटरचीही वाढ झाली नव्हती. त्या दिवसांत गेलेल्यांच्या मुलांना, एका अर्थी, विष्णुभटांच्या काळात परत नेऊन सोडले गेले. फरक इतकाच की त्यांना सारे त्याच क्षणी कळत होते. पुढे २०२५ च्या एप्रिलअखेर पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली आणि पश्चिमेकडच्या कित्येक मार्गांना वळसा पडला. ताणलेला दोरा कोणत्या राष्ट्रावरून जातो हे मी मुलांना कधी विचारले नव्हते. विचारायला हवे होते.

येथे एका गोष्टीची नोंद केली नाही तर हा लेख एकांगी होईल. अण्णा गेले त्याच हंगामात आमच्या वस्तीपलीकडच्या एका घरात म्हातारी वारली. तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेले होते. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते आणि शेतात चैत्राचे ऊन तापू लागेपर्यंत परतत नाही. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामाआधीच घरच्या देण्यात गेलेली असते, आणि कामावर खाडा पडला तर तो हिशेबात कापला जातो. आईच्या मृत्यूचे मुलाला सकाळीच फोनवर कळले. तो पाचव्या दिवशी पोचला. कोल्हापूर ते वालूर विमानाच्या रेषेने मुंबईइतकेच, चारशेच्या आतबाहेर. माझा भाऊ पृथ्वीच्या घेराचा तिसरा हिस्सा ओलांडून बेचाळीस-त्रेचाळीस तासांत आला, आणि त्या माणसाला आपल्याच राज्यातून यायला चार दिवस लागले. त्याच्या वेळी अंगणात जमलेल्यांनी "किती तास लागतील?" असे विचारल्याचे मला आठवत नाही. तो येईल तेव्हा येईल, हे गृहीत होते. शवपेटी आणण्याची गोष्टही कोणी काढली नाही. अंतर हे नुसते भूगोलाचे प्रकरण नाही, हे मला भूगोलाचा शिक्षक असून इतक्या उशिरा कळावे, याची मला लाज वाटते. कोणाला कोणत्या कामावरून कोणाची परवानगी घेऊन निघता येते, यावर ते ठरते. शास्त्रकारांनी महानदी आणि पर्वत म्हटले. आज त्या यादीत उचल घालायला हवी.

अण्णांचा जन्म १९३५ सालचा. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते आणि वालूर अजून निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद संस्थान भारतात यायला सप्टेंबरची सतरा तारीख उजाडायची होती. म्हणजे ज्या दिवशी मुंबईचा माणूस विमानाने लंडनला जाऊ लागला, त्या दिवशी आमच्या वडिलांना मुंबईला जायचे झाले असते तर आधी राज्याची हद्द ओलांडावी लागली असती. त्यांनी आयुष्यात विमान आतून पाहिले नाही. धाकट्याने दोनदा बोलावले. दोन्ही वेळा त्यांनी पेरणी किंवा काढणीचे कारण पुढे केले. त्यांना त्या प्रवासाचे भय नव्हते. एकदा मला म्हणाले होते, "तिथं जाऊन मी काय करू? तो कामाला जाईल अन् मी खिडकीत बसंन. इथं निदान बांधावर बसता येतं." तो प्रवास सतरा तासांचा आहे, हे त्यांना पाठ होते. गावात कोणी विचारले की ते अभिमानाने सांगत.

भाऊ बुधवारी रात्री साडेदहाला पोचला, माझ्या हिशेबाहून एक तास उशिरा. गुरुवारी सावडणे होते. अस्थी वेचताना तो माझ्या शेजारी बसला आणि त्याने काही विचारले नाही. सायंकाळी आम्ही दोघे बारवेवर गेलो. तो पहिल्या वळणापर्यंत उतरला, एका पायरीवर बसला. बराच वेळ गेला. मग म्हणाला, "दादा, मातीला लई लोक होते का?" मी म्हणालो, होते. सेलूहून आले होते, मंठ्याहून आले होते, माझे जुने विद्यार्थी आले होते. त्याने कोण कोण ते विचारून घेतले. मी एकेक नाव सांगत गेलो आणि तो मान हलवीत गेला. त्या नावांवरून तो ती दुपार आपल्यापुरती उभी करीत होता, असे मला वाटले. मी जितकी आठवली तितकी नावे सांगितली.

आमच्याकडे अशी रीत आहे की वडिलांना थोरल्याने अग्नी द्यावा आणि आईला धाकट्याने. अण्णांच्या वेळी माझा वाटा मी पार पाडला. आईचा वाटा धाकट्याचा आहे, हे घरात सर्वांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्यावर कोणी बोलत नाही. तेरावा झाला, भाऊ परत जायला निघाला. त्याची गाडी वळणाआड गेल्यावर आई ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसली. तिने आधी मला विचारले की तिकडे आता किती वाजले असतील. मी सांगितले. मग ती म्हणाली, "माझ्या वेळी तूच दे. त्याच्यासाठी थांबू नका. नाहीतर तो जन्मभर तास मोजत बसंल."

रीत मोडायला माझी हरकत नाही. आईच्या शब्दापुढे रीत मोठी नव्हे, आणि या प्रसंगी तिचा विचार शास्त्रकारांच्या जुन्या क्षमेच्या जवळचा आहे, असे माझे मत आहे. पण हा निरोप ज्याला मोकळे करण्यासाठी आहे, त्याला तो ऐकताना मोकळे वाटेल की आपला हक्क काढून घेतला असे वाटेल, हे मला ठरवता आलेले नाही. दर रविवारी सकाळी आठला त्याचा फोन येतो. तिकडे शनिवारची संध्याकाळ असते. आई पाऊसपाण्याचे सांगते, तो मुलांचे सांगतो, आणि मग फोन माझ्या हातात येतो. अजून मी त्याला सांगितलेले नाही.